वारणाकाठचे जाळे आणि त्याचा कारभार

सह्याद्रीत उगम पावून, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा आखीत पूर्वेकडे वाहत येणारी व हरिपूर येथे कृष्णेस मिळणारी वारणा नदी मुलकी दफ्तरात जरी सरहद्द म्हणून नोंदली गेलेली असली, तरी तिच्या दोन्ही तीरांवर ऊस पिकविणाऱ्या खातेदारांच्या नित्य व्यवहारात ती सरहद्द म्हणून फारशी कधी मोजली गेली नाही. दक्षिण तीरावर बव्हंशी करवीर दरबारचा अंमल आणि उत्तर तीरावर सातारच्या कलेक्टरचा, अशी स्थिती दीर्घकाळ होती. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली ठेवण्यात आले, तेव्हा वाळवा व शिराळा हे तालुके नव्या जिल्ह्याच्या दफ्तरी दाखल झाले. अंमलदार बदलले, कचेऱ्या बदलल्या. परंतु सहकारी कारखानदारी उभी राहिल्यावर पैलतीरीचा ऊस ऐलतीरीच्या चरकात गाळला जाण्याचा जो क्रम सुरू झाला, तो या फेरफारांनी खंडित झाला नाही. याच नदीच्या दोन्ही काठांवरील सुमारे सत्तर गावांना संगणकाने एकमेकांशी व कारखान्याशी जोडणारी जी योजना १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने अस्तित्वात आली, तिचा इतिहास येथे द्यावयाचा आहे. तो देताना यंत्रांच्या वर्णनापेक्षा कारभाराच्या वर्णनास अधिक जागा द्यावी असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण यंत्रे दहा वर्षांत जुनी होतात, परंतु नोंद चुकली असता शेतकऱ्याने दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न त्या योजनेइतकाच आजच्या विश्वव्यापी इंटरनेटलाही लागू आहे आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही.

वारणानगरच्या सहकारी संस्थांचे संस्थापक विश्वनाथ अण्णा उर्फ तात्यासाहेब कोरे यांनी कोडोलीलगतच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याच्या अनुषंगाने दूध संघ, ग्राहक भांडार, शाळा-महाविद्यालये, बालवाद्यवृंद व पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय अशी एकामागून एक अंगे त्या मूळ संस्थेस फुटत गेली. ज्या भूभागात आरंभी खडकाळ माळापलीकडे फारसे काही नव्हते, तेथे अर्ध्या शतकाच्या आत हजारो सभासदांचा हिशेब रोजच्या रोज ठेवणारी एक प्रचंड कचेरी निर्माण झाली. हा हिशेब म्हणजे सामान्य बाब नव्हे. उसाची लागण कोणत्या दिवशी झाली, ती आडसाली की सुरू, क्षेत्र किती, जात कोणती, मागील वर्षाचा खोडवा राखला आहे काय, खत किती उचलले, त्याची वसुली किती झाली, काट्यावर वजन किती भरले आणि बिलाचा हप्ता केव्हा निघाला, या प्रत्येक बाबीची नोंद एकेका खातेदाराच्या नावे राखावी लागते, आणि यांतील लागणीची तारीख हीच सर्वांत नाजूक नोंद होय. कारण तोडणीचा क्रम तिच्यावरून ठरतो, आणि पक्व झालेला ऊस आपली पाळी चुकून फडात वाळू लागला म्हणजे त्याचे वजन घटते व त्या घटीचा भार अखेर शेतकऱ्याच्याच पदरी पडतो.

ही नोंद कारखान्याचा चिटबॉय घेत असे. सायकलीवरून, पुढे मोटारसायकलीवरून, गावोगाव फिरून त्याने वहीत केलेली नोंद गट कार्यालयात जावयाची, तेथून कारखान्याच्या शेती खात्यात जावयाची, आणि आपल्या नावापुढे नेमके काय लिहिले गेले आहे हे पाहावयाचे झाल्यास खातेदाराने एक दिवसाचे काम बुडवून वारणानगर गाठावयाचे, असा तो परिपाठ होता. चिटबॉय प्रामाणिक असला तरी वही एकच असे आणि ती शेतकऱ्याच्या हाती नसे. या एका गोष्टीत जाळ्याच्या योजनेचे खरे बीज आहे असे आमचे मत आहे.

तात्यासाहेब १९९४ साली निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९९८ च्या मे महिन्यात, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाने माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कार्यदल नेमले आणि ग्रामीण भागात संगणकाचा उपयोग कसा होऊ शकेल याचा एक नमुना प्रत्यक्ष उभा करून दाखवावा या विचाराने वारणेची निवड करण्यात आली. ही निवड योग्य होती. देशात गरीब खेडी पुष्कळ होती आणि श्रीमंत खेडीही काही थोडी नव्हती. परंतु जेथे प्रत्येक कुटुंबाचे खाते एखाद्या संस्थेत आधीपासूनच उघडलेले आहे, त्या खात्यातील आकड्यांवर लोकांचा वर्षाचा संसार अवलंबून आहे आणि संस्थेच्या वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदास आहे, असा सलग प्रदेश वारणेसारखा क्वचितच आढळला असता. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी निम्मा केंद्र शासनाने, चाळीस टक्के महाराष्ट्र शासनाने आणि उरलेला दहा टक्के वारणेच्या संस्थांनी सोसावा, असे ठरले. तांत्रिक उभारणीची जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे ज्यास सर्वत्र एनआयसी म्हणतात त्या १९७६ साली स्थापन झालेल्या शासकीय संस्थेकडे देण्यात आली. उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्या दिल्लीशी जोडण्याचे काम एनआयसीने त्यापूर्वी केलेले होतेच. येथे प्रथमच ते जाळे जिल्ह्याच्या ठाण्यावरून खाली उतरून उसाच्या फडापर्यंत जाणार होते.

पन्नासाहून अधिक गावांत संगणकाची केंद्रे उघडण्यात आली. गावचाच एखादा शिकलेला तरुण त्यावर नेमला गेला. उद्दिष्टांची यादी मोठी होती: पिकांवरील रोगांची माहिती, बाजारभाव, वैद्यकीय सल्ला, दूरशिक्षण, मुलकी दाखले, नकाशे. ही यादी वाचताना त्या काळच्या आशावादाची ऊब आजही जाणवते आणि तिची कोणी चेष्टा करू नये. परंतु प्रत्यक्षात केंद्रापुढे जी माणसे उभी राहिली, त्यांना मुख्यत्वे चार गोष्टी हव्या होत्या: उसाची नोंद करणे, तोडणीची पावती केव्हा मिळेल ते पाहणे, खताची मागणी नोंदविणे आणि काट्यावर भरलेले वजन व बिलाची रक्कम तपासणे. पुढे ज्या संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला, त्यांना आढळले की संगणकांचा उपयोग जवळजवळ केवळ कारखान्याच्या या देवघेवीसाठीच होत होता आणि ज्यास इंटरनेट म्हणतात त्याचा गावकऱ्यांशी प्रत्यक्ष संबंध फारसा आलाच नव्हता.

या निष्कर्षावरून काही विद्वानांनी वारणेचा प्रयोग फसला असे ठरविले. आम्हांस हा निकाल मान्य नाही. नोंदीची तारीख कारखान्याच्या वहीत एक आणि शेतकऱ्याच्या समजुतीत दुसरी, अशी तफावत आता गावातच, सर्वांसमक्ष, पडद्यावर उघडी होऊ लागली. आणि जी चूक गावातच दिसते, तिची तक्रारही गावातूनच करता येते. केंद्रावरचा मुलगा गावचा, गट कार्यालय तासाभराच्या वाटेवर, शेती अधिकारी नावाने ठाऊक, संचालक निवडून दिलेला, आणि तेवढ्यानेही न भागले तर वार्षिक सभा: अशा पायऱ्या त्या यंत्राच्या मागे आधीपासून बांधलेल्या होत्या. संगणक नवा होता, दाद मागण्याची वाट जुनी होती, आणि वाट जुनी होती म्हणूनच संगणकावर लोकांनी विश्वास ठेवला.

ज्या वर्षी वारणेत ही केंद्रे उघडण्याचा घाट घातला जात होता, त्याच १९९८ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक ना-नफा संस्था नोंदविण्यात आली, जिचे नाव वारणाकाठी त्या वेळी कोणाच्या कानीही गेले नसेल. ही आयकॅन होय. जगातील संगणकांची नावे आणि क्रमांक एकमेकांशी जुळविण्याचे, दोन यंत्रांना एकच नाव पडू न देण्याचे आणि कोणत्या देशाच्या नावाची वही कोणी सांभाळावयाची हे ठरविण्याचे काम तिजकडे सोपविण्यात आले. तत्पूर्वी हे काम मुख्यत्वे जॉन पोस्टेल नावाच्या एका संगणकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, एका विद्यापीठीय संस्थेच्या कचेरीतून चाललेले होते. या पुरुषाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात असा सिद्धांत मांडला की ज्याच्याकडे एखाद्या देशाच्या नावाची वही सोपविली आहे, तो त्या नावाचा मालक नसून त्या देशातील लोकांच्या आणि साऱ्या जाळ्याच्या वतीने नेमलेला विश्वस्त आहे, त्याने हक्काची भाषा न बोलता सेवेची बोलावी आणि सर्व अर्जदारांस समान वागवावे. सहकाराच्या मुलखात वाढलेल्या वाचकास हा विचार परका वाटणार नाही. आयकॅनची स्थापना होऊन पुरता महिनाही लोटला नव्हता, तोच १६ ऑक्टोबर १९९८ रोजी पोस्टेल यांचे निधन झाले.

आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ या नावाची वही १९८९ सालापासून मुंबईत, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. सर्वसामान्य माणसास इंटरनेटची जोडणी विकत मिळू लागली ती त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. पुढे २००३ साली स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या ना-नफा कंपनीकडे ती वही गेली आणि २००५ च्या आरंभापासून नावे सर्वांसाठी खुली झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव सुरू झाले आणि मराठी, कोकणी, हिंदी आदी भाषांच्या लोकांना आपल्याच लिपीत पत्ता लिहिण्याची सोय झाली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आमच्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्या शेतकऱ्याने वारणेच्या केंद्रावर आपले नाव मराठीत वाचले, त्याला जाळ्याचा पत्ता मात्र परक्या लिपीत टिपावा लागत होता. त्याच्या लिपीचा पत्त्यात प्रवेश होण्यास जगाच्या या वहीदारांपुढे अनेक वर्षे तांत्रिक वाटाघाटी चालवाव्या लागल्या.

वारणेकडे पुन्हा वळू. संगणकांचे आयुष्य थोडे, वीज बेभरवशाची, देखभाल खर्चाची. आणि २००० नंतरच्या दशकात मोबाईल खिशात आला. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी वारणेच्या संस्थेबरोबर सात गावांत आठ महिने एक प्रयोग करून पाहिला: गावातील संगणक काढून त्या जागी साधा मोबाईल ठेवावयाचा आणि तीच सर्व कामे लघुसंदेशाने करावयाची. कारखान्याच्या कचेरीतील एका संगणकास जोडलेला मोबाईल हे संदेश स्वीकारी व उत्तरे पाठवी. संगणकाची सारी कामे या रीतीने होऊ शकली, ती कमी खर्चात झाली आणि शेतकऱ्यांस ती अधिक सोयीची वाटली, असे निष्पन्न झाले. ‘वायर्ड’चे ‘अनवायर्ड’ झाले. तार गेली, परंतु कारभार कायम राहिला, कारण वही कारखान्याकडेच होती आणि कारखाना सभासदांचाच होता.

खरा पालट त्यानंतर झाला आणि तो कोणाच्या ठरावाने झाला नाही. स्वस्त मोबाईल व त्यावरील इंटरनेट घरोघर पोहोचले. २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत काचतंतूची तार नेण्याचे काम हाती घेतले. दाखले, उतारे, अनुदानाचे अर्ज सेवा केंद्रांतून मिळू लागले. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकरी आज आपला सातबारा मोबाईलवर पाहतो, ही सोय थोडी नव्हे. तथापि जुन्या जाळ्यात व या नव्या जाळ्यात एक भेद आहे आणि तो आम्हांस अत्यंत चिंतेचा वाटतो. जुन्या जाळ्यात चूक झाली तर ती कोणाची हे गावास ठाऊक होते. नव्या जाळ्यात अर्ज का फेटाळला गेला, खाते का गोठले, अमुक मजकूर का दिसेनासा झाला, हे ज्याने ठरविले त्याची कचेरी कोठे आहे हेच सामान्य माणसास उमगत नाही. जगाच्या स्तरावरही हाच वाद दीर्घकाळ चालला: आयकॅनवरील अमेरिकी शासनाची देखरेख संपून १ ऑक्टोबर २०१६ पासून नावे व क्रमांकांचा कारभार त्या संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीखाली आला, तेव्हा त्यापूर्वीची दोन वर्षे मुख्य चर्चा यंत्रांची नव्हती, तर संचालक मंडळाने चुकीचा निर्णय केल्यास त्यास जाब विचारण्याचा व त्यास दूर करण्याचा अधिकार कोणास असावा याची होती. सहकारी संस्थेच्या पोटनियमांवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या आपल्या सभासदांना ती चर्चा सहज समजली असती.

जाळे बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हाही कारभाराचाच प्रश्न आहे, आणि तो साताऱ्याच्या वाट्यास प्रत्यक्ष आला. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे दंगल होऊन एका माणसाचा जीव गेला, त्यानंतर सातारा जिल्ह्यातील इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली. अफवांचा फैलाव रोखणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ज्या रात्री घरे जळत असतात त्या रात्री अधिकाऱ्याने कसा निर्णय घ्यावा हे दुरून सांगणे सोपे नाही. परंतु ज्या जिल्ह्यात बँकेचा व्यवहार, दवाखान्याची नोंद, पिकाच्या विम्याचा अर्ज आणि विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज ही सारी त्याच एका तारेवरून चालतात, तेथे ती तार तोडणे म्हणजे बाजार, टपाल व कचेरी यांस एकदम कुलूप घालणे होय. अशा हुकमासाठी २०१७ साली नियम झाले, हुकूम काढण्याचा अधिकार राज्याच्या गृहसचिवाकडे आणि त्याची छाननी समितीकडे देण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की असा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे आणि तो बेमुदत असता कामा नये. प्रसिद्धीची ही अट कारकुनी वाटते. वस्तुतः तिच्यावाचून नागरिकास न्यायालयाचा दरवाजा ठोठावताच येत नाही, कारण जो हुकूम कोणी पाहिलाच नाही त्याविरुद्ध दाद मागावयाची कशी?

पुसेसावळीपासून जवळच औंध आहे. १९३९ च्या जानेवारीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने, आपले पुत्र अप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, बहात्तर गावांचा कारभार निवडलेल्या ग्रामपंचायतींच्या हाती सोपविणारी राज्यघटना जाहीर केली होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्या वेळी याच संस्थानात होती. काही वर्षांतच, बेचाळीसच्या चळवळीतून, सातारच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे स्थापन करून दाखविली. कायद्याने दिलेला अधिकार आणि गावाने मान्य केलेला अधिकार यांतील अंतर या भूमीतील लोकांनी अनुभवाने जाणलेले आहे, आणि म्हणून कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ साली जे घडले ते आम्हांस नवे वाटत नाही.

टाळेबंदीच्या काळात मुलांच्या हाती अभ्यासाकरिता मोबाईल आला आणि शाळा उघडल्यावरही तो हातातून सुटेना, ही तक्रार त्या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावात घरोघरी होती. १४ ऑगस्ट रोजी ग्रामसभेत ठराव झाला. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाईल बंद व्हावयाचे आणि साडेआठ वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास व मोठ्यांनी वाचन वा बोलणे करावयाचे. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आरंभलेल्या या उपक्रमात अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजूत घालीत. दंड नव्हता, मोबाईल हिसकावून घेण्याची सत्ताही ग्रामपंचायतीस कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. ठराव टिकला तो ज्यांच्यावर तो लागू व्हावयाचा त्यांनीच सभेत बसून तो केला म्हणून, आणि नकोसा झाल्यास पुढच्या सभेत तो बदलता येतो म्हणून. तारेला गृहखात्याच्या हुकमाने लागलेले कुलूप आणि वडगावच्या भोंग्याने लागलेली कडी या दोहोंत जाळे बंदच होते. परंतु दुसऱ्या प्रसंगी किल्ली कोठे आहे हे प्रत्येकास ठाऊक होते.

मुंबईतील अथवा दिल्लीतील धोरणकर्त्यांनी वडगावचे अनुकरण इतरत्र फर्मानाने करू नये, अशी आमची नम्र विनंती आहे. फर्मानाने लादलेला भोंगा हा निराळाच पदार्थ होईल. त्यांनी वारणेकडून घ्यावयाचे ते इतकेच की प्रत्येक सेवा केंद्रावर, ऑनलाईन अर्ज ज्याने नाकारला त्या अधिकाऱ्याचे पद, नाकारण्याचे कारण व अपील करण्याची मुदत मराठीत लावलेली असावी, आणि हे अपील तालुक्याच्या ठिकाणी, चालत अथवा एसटीने पोहोचता येईल अशा कचेरीत, दाखल करता यावे.

या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नष्ट होत आहेत. १९९८ नंतर उघडलेल्या केंद्रांवर जे तरुण बसत होते ते आता पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांच्या तक्रारवह्या, चिटबॉयांच्या नोंदवह्या, छापील पावत्या आणि संस्थेच्या सभांची इतिवृत्ते, ज्यांत नव्या यंत्राविषयी सभासदांनी विचारलेले प्रश्न नोंदलेले असावेत, ही कागदपत्रे माळ्यावर अथवा रद्दीत जाण्यापूर्वी एकत्र केली पाहिजेत. वारणेच्या उत्तर तीरावरील, शिराळा व वाळवा या बाजूच्या गावांत ज्यांच्या घरी असा एखादा कागद असेल, त्यांनी तो, फाटका असला तरी, संस्थेच्या दफ्तरात जमा करावा आणि त्यावर गाव व साल तेवढे लिहून द्यावे.